मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?



लहान मुलासाठी पुस्तक घ्यावयास निघालेल्या पालकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. मुलाचे वय अमुक आहे, त्याला यातले काय समजेल, हा पहिला. या पुस्तकातून बोध काय मिळेल, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो फारसा कोणी विचारीत नाही. या पुस्तकातील माणसे खरोखरीची रडतात काय? घाबरतात काय? आणि रडून झाल्यावर, घाबरून झाल्यावर पुढे काय करतात? आज मी या तिसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द बोलणार आहे.

बोलताना लोंढ्याची मुले मी डोळ्यांपुढे ठेवली आहेत. खानापूर तालुक्यातील हे जंगलाने वेढलेले जंक्शन आपल्या परिचयाचे आहे. मिरज-बेळगावकडून येणारी वाट, धारवाड-हुबळीकडून येणारी वाट आणि गोव्याहून कॅसलरॉकचा घाट चढून येणारी वाट, अशा तिन्ही वाटा येथे मिळतात. वाटांबरोबर भाषाही मिळतात. एका घरात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडच्या घरात कोंकणी आणि फलाटावर हिंदी, असा येथील रोजचा व्यवहार. अशा गावातील मुलांचे जग पाहावे तर मोठे रम्य. पण त्या जगाची म्हणून काही दुःखे आहेत. वडिलांची रात्रपाळी असते. ते घरी येतात तेव्हा मूल शाळेत आणि मूल घरी येते तेव्हा ते झोपलेले. बदलीचा हुकूम येतो आणि बरोबर खेळणारा मित्र आठ दिवसांत सामानसुमानासह हुबळीला निघून जातो. कोणाचा थोरला भाऊ कामासाठी गोव्याला जातो, तो सणालाच दिसतो. कोणाची शाळा बदलते, शाळेबरोबर भाषा बदलते, आणि एखादा शब्द चुकीचा उच्चारला म्हणून सारा वर्ग हसतो.

मोठ्या माणसांच्या हिशेबी ही दुःखे क्षुल्लक होत. त्यांना आपण नावही दिलेले नाही. आणि ज्या दुःखाला नाव नाही ते मुलाला सांगता येत नाही. मग ते म्हणते, माझे पोट दुखते. किंवा धाकट्या बहिणीला उगाच चिमटा काढते. आपण त्याला ओवा देतो किंवा धपाटा देतो. दोहोंनीही दुखणे जात नाही, कारण ते पोटात नसते आणि स्वभावातही नसते.

पुस्तकाचे काम येथे सुरू होते. चांगल्या गोष्टीत मुलाला आपल्यासारखाच कोणी एकटा पडलेला, कोणी घाबरलेला भेटतो. त्याला काय झाले आहे ते मुलाला कळते, आणि ते कळता कळता आपल्याला काय झाले आहे तेही उमगू लागते. म्हणून मनाचा कणखरपणा आणि दुसऱ्याविषयीची सहवेदना या दोन गोष्टी मी निरनिराळ्या मानीत नाही. दुसऱ्याचे दुःख ओळखावयास शिकलेले मूल स्वतःचेही दुःख ओळखते. आणि ओळखलेल्या दुःखाला तोंड देता येते. पुस्तक निवडावयाचे ते या कसोटीवर.

आता आपली परंपरा पाहा. मराठीतील मुलांचे छापील वाङ्मय जन्मले तेच मुळी बोधासाठी. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ १८२८ साली निघाला. त्याच सुमारास त्यांनी इसापनीतीच्या गोष्टीही मराठीत आणल्या. पुढे विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि हयातभर चालविले. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ साली आले. या मंडळींचे ऋण मोठे आहे. परंतु बोधाची एक सवय आपल्याला जडली ती जडलीच. गोष्ट संपली की ‘तात्पर्य काय?’ असे विचारल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. मूलही हुशार असते. ते तात्पर्य पाठ करते आणि गोष्ट विसरते. लबाड कोल्ह्याची फजिती कशी झाली हे त्याला सांगता येते. फजिती झाली तेव्हा कोल्ह्याला काय वाटले असेल, याचा विचार करण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

आपल्या घरातील पहिली गोष्ट घ्या, चिऊ-काऊची. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो भिजत चिमणीच्या दाराशी येतो, आणि ती आपल्या बाळाची एकेक कामे सांगत त्याला बाहेर तिष्ठत ठेवते. आजवर आपण ही गोष्ट चिमणीच्या बाजूने सांगत आलो. ती टापटिपीची, तो गबाळा. तेव्हा झाले ते योग्यच झाले! पण तीन-चार वर्षांच्या मुलाचा चेहरा ही गोष्ट ऐकताना एकवार नीट न्याहाळा. पुष्कळ मुलांचा जीव दाराबाहेरच्या कावळ्यात गुंतलेला असतो. ‘मग त्याला थंडी वाजली का?’ असे एखादे मूल मध्येच विचारते. त्या वेळी गोष्ट पुढे रेटू नये. थांबावे. ‘तुला काय वाटते? वाजली असेल का?’ एवढेच उलट विचारावे. गोष्ट तीच, शब्दही तेच. पण त्या एका प्रश्नाने मूल घराच्या आतून बाहेर जाऊन कावळ्याशेजारी उभे राहते. सहवेदनेचा पहिला धडा तो हाच. त्यासाठी पैसा पडत नाही आणि दुकानातही जावे लागत नाही.

लोंढ्याच्या मुलाला दुसरी एक गोष्ट हाताशी आहे. ती मराठी नाही, कन्नड आहे. पुण्यकोटी नावाच्या गाईची ही गोष्ट कर्नाटकात घरोघर गाइली जाते आणि कन्नड शाळांतील मुलांच्या तर तोंडी असते. वाघाच्या तावडीत सापडलेली गाय वासराला अखेरचे दूध पाजून परत येण्याचे वचन देते. घरी येते, वासराचा निरोप घेते, कळपातील इतर गाईंच्या हवाली त्याला करते आणि वचनाप्रमाणे वाघापुढे येऊन उभी राहते. वाघाला आपलीच लाज वाटते आणि तो कड्यावरून उडी टाकून प्राण देतो. कोणी म्हणेल, अशी मरणाची गोष्ट मुलांना कशाला? मी म्हणतो, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीच टिकविली आहे. तिच्यात मरणाचे भय आहे, पण वासरू एकटे पडत नाही. साऱ्या गाई त्याच्या आया होतात. आई नसली तर माझे काय होईल, हा प्रत्येक मुलाच्या मनातील न बोललेला प्रश्न आहे. गोष्ट त्याचे उत्तर उपदेशाने देत नाही, कळप दाखवून देते. शिवाय वाघही नुसता दुष्ट राहत नाही. त्यालाही मन आहे, हे मुलाला दिसते. मराठी घरातील मुलाने ही गोष्ट शेजारच्या कन्नड आजीकडून ऐकावी. भाषा अर्धी कळली तरी वासराचे हंबरणे पुरते कळेल.

मूल आठ-दहा वर्षांचे झाले म्हणजे ‘श्यामची आई’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी आरंभ केला आणि १३ तारखेला ते पुरे झाले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर बोलपट काढला. हे पुस्तक मुलांना रडविते, अशी एक तक्रार आहे. ती खरी आहे. पण ते नुसते रडवीत नाही, हे तक्रार करणारे विसरतात.

त्यातील अळणी भाजीची हकीकत आठवा. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील पानावर बसतात, घास घेतात, आणि काही न बोलता भाजीची वाखाणणी करीत जेवतात. मुलांनीही काही बोलू नये, असा त्यांचा रोख असतो. शेवटी आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला कळते. एवढीच घटना. कोणी मेले नाही, कोणी त्याग केला नाही. पण दुसऱ्याच्या श्रमाची आणि ओशाळण्याची आधीच जाणीव ठेवून गप्प राहणे म्हणजे काय, हे त्या पानावर बसलेल्या मुलांबरोबर वाचणारे मूलही शिकते. सहवेदना ही मोठमोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवण्याची वस्तू नाही. ती ताटावर शिकावयाची असते.

आणि कणखरपणा? त्याच पुस्तकात पोहावयास भिऊन लपून बसलेल्या श्यामला हीच प्रेमळ आई मारून बाहेर काढते आणि विहिरीवर पाठविते. मागाहून त्याला जवळ घेऊन, आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आपण असे केले, हेही सांगते. आजच्या पालकाला तो मार पटणार नाही, आणि पटू नये. म्हणूनच हे पुस्तक मुलाच्या हाती नुसते देऊन मोकळे होऊ नये, त्याच्याबरोबर वाचावे. ‘आईने मारले ते बरोबर केले का?’ असे मुलाला विचारता येईल. त्या काळचे सोवळेओवळे, शिवाशिव यांचे उल्लेख येतात तेथे थांबून, हे असे होते आणि ते अन्यायाचे होते, हे स्पष्ट सांगता येईल. जुने पुस्तक टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्याशी बोलावे म्हणजे झाले.

याहून मोठ्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी तर आपल्याच मुलखातले एक लेणे आहे. प्रकाश नारायण संत यांचा लंपन. ‘वनवास’ हा पहिला संग्रह १९९४ साली आला. नंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि लेखकाच्या निधनानंतर ‘झुंबर’. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहावयास आलेला हा मुलगा. गाव सीमाभागातले, बोलण्यात मराठीच्या जोडीला कन्नड. हे लेखन काही मुलांसाठी म्हणून लिहिलेले नाही. पण आपल्याला घर आहे, सगळे प्रेम करतात, तरीही आत काहीतरी दुखते, हे ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याला लंपन आपला सोबती वाटेल. आणि लंपन केवळ झुरत बसत नाही. तो हिंडतो, मित्र जोडतो, गाण्यात रमतो, माणसांच्या गमती पाहतो. दुःख असतानाच आनंदही असू शकतो, ही गोष्ट उपदेशाने सांगता येत नाही. ती अशी दाखवावी लागते.

लेखकाच्या मातोश्री इंदिरा संत. १९४६ साली पती निवर्तले तेव्हा पदरी तीन लहान मुले. त्यांनी बेळगावात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करीत संसार सावरला, आणि विरहाची कविता लिहिता लिहिता मुलांसाठी ‘गवतफुला’सारखी कविताही लिहिली. रानातल्या इवल्याशा फुलाकडे वाकून पाहावे, त्याच्याहूनही लहान व्हावे, असे त्या कवितेतील मुलाला वाटते. स्वतःच्या दुःखाने ज्यांचे मन आटले नाही, उलट अधिक ओले झाले, अशा माणसाच्याच हातून असे लेखन होते. मोठ्या मुलांना हा इतिहासही सांगावा.

अमेरिकेतील रुडीन सिम्स बिशप या प्राध्यापिकेने १९९० साली एका निबंधात मुलांच्या पुस्तकांना आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. काही पुस्तकांत मूल स्वतःला पाहते, काहींतून दुसऱ्याचे घर पाहते. ही उपमा आपल्याकडे फार उपयोगी आहे. लोंढ्याच्या मराठी मुलाला लंपन हा आरसा. पुण्यकोटी ही खिडकी. कन्नड घरातील मुलाच्या बाबतीत हे नेमके उलट होईल. ज्या मुलाला नुसते आरसेच मिळतात ते आत्ममग्न होते, आणि ज्याला नुसत्या खिडक्याच मिळतात त्याला आपले घर कमी प्रतीचे वाटू लागते. घरातल्या फळीवर दोन्ही असावीत.

खिडकीचे महत्त्व जगाने एका भयंकर अनुभवातून ओळखले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीतील शहरे ढिगाऱ्यांची झाली होती. येला लेपमान या ज्यू पत्रकार बाई नाझी राजवटीत देश सोडून लंडनला गेल्या होत्या. त्या परत आल्या आणि त्यांनी निरनिराळ्या राष्ट्रांना पत्रे लिहिली: आम्हाला तुमच्या मुलांची पुस्तके पाठवा. जर्मनांनी दोनदा ज्यावर स्वारी केली होती त्या बेल्जियमने प्रथम नकार दिला. बाईंनी पुन्हा लिहिले, आणि तेथूनही पुस्तके आली. १९४६ साली म्युनिक येथे त्यांचे प्रदर्शन भरले. १९४९ मध्ये त्यातूनच मुलांचे आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले, आणि १९५३ मध्ये बालग्रंथांची आंतरराष्ट्रीय संस्था. कालच्या शत्रूंच्या मुलांची पुस्तके वाचून उद्याची मुले एकमेकांना ओळखतील, ही त्यांची श्रद्धा. आपल्याकडे साने गुरुजींची आंतरभारतीची कल्पना याच जातीची होती. त्यांनी तुरुंगात तामिळ शिकून ‘कुरल’ मराठीत आणला. भारतातील माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या आणि मने जाणावी, हा त्यांचा ध्यास होता.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्या या भागात भाषेचा प्रश्न धगधगत आहे. तो मोठ्यांचा प्रश्न आहे, मोठे तो सोडवोत. आपल्या भाषेचा अभिमान मुलाला असलाच पाहिजे. पण पलीकडच्या बाकावरील मुलाची भाषा ही हसण्याची वस्तू आहे, असे त्याच्या मनात भरले, तर त्यात त्याचेच नुकसान आहे. उद्या तोच दुसऱ्या शाळेत जाईल आणि हसणारे दुसरे असतील.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. पुस्तक घेण्यापूर्वी ते आपण वाचावे. मुलांचे पुस्तक वाचावयास अर्धा तास पुरतो. वाचताना पाहावे, त्यातील गरीब, अपंग, परभाषी किंवा परजातीय पात्र हे स्वतः काही करणारे माणूस आहे, की केवळ नायकाने दया दाखविण्यापुरते आणलेले आहे? रडणारा मुलगा त्यात हास्यास्पद ठरविला आहे काय? मुलग्यांना शौर्याच्या गोष्टी आणि मुलींना अश्रूंच्या, अशी वाटणी आपण करतो, ती मोडावी. शिवरायांच्या गोष्टी मुलींनी वाचाव्या आणि अळणी भाजीची गोष्ट मुलग्यांनी.

लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘यश’ यांसारखी पुस्तके अवश्य पाहावीत. घरातील साध्या माणसांचे साधे राग-लोभ त्यांत चित्रांसह आले आहेत, आणि शेवटी तात्पर्याची शेपटी नाही. मोठ्यांसाठी वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ चे पुस्तक आजही तितकेच ताजे आहे; गुलामीत जन्मलेल्या मुलाने कडवटपणा न धरता कसे जगावे, हे त्यात आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील पुष्कळ पुस्तके मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत निघाली आहेत. चित्रे तीच, अक्षरे निराळी. दोन्ही प्रती शेजारी ठेवून दोन घरांतील मुले एकत्र बसू शकतात. पैशाची अडचण असेल तर ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने महाजालावर विनामूल्य ठेवले आहेत, आणि ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी, कन्नड व कोंकणीतही गोष्टी मिळतात. पण पडद्यावरील गोष्टसुद्धा मुलाला एकट्याने पाहावयास न देता शेजारी बसून मोठ्याने वाचून दाखवावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पुस्तक म्हणजे काढा नव्हे. घरात मृत्यू झाला म्हणून तेराव्या दिवशी मृत्यूवरील पुस्तक मुलापुढे ठेवणे निर्दयपणाचे आहे. त्या वेळी मुलाला मांडी हवी असते, पान नव्हे. ते पुस्तक आधीच कधीतरी, सुखाच्या दिवसांत, सहज वाचलेले असावे. मग प्रसंग आला की मूल आपण होऊन त्याच्याकडे जाते. एकच गोष्ट वीस वेळा मागितली तर कंटाळू नये. त्या गोष्टीशी त्याचे काहीतरी काम अपुरे राहिलेले असते. अर्ध्यावर पुस्तक मिटले तर रागावू नये. तेवढेच त्या दिवशी त्याला पेलत असेल. आणि वाचताना आपलाच गळा दाटून आला तर तोंड फिरवू नये. बाबासुद्धा रडतात, डोळे पुसतात आणि पुढचे पान उलटतात, हे मुलाने पाहिले की धीर म्हणजे काय हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

रात्रपाळीवरून येणाऱ्या वडिलांना रोज वेळ मिळणार नाही, हे मी जाणतो. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दुपारी, पंधरा मिनिटे पुरतात. ज्यांना वाचता येत नाही त्या आजीने सांगावे आणि मुलाने वाचून दाखवावे. शाळेतील शिक्षकांनी शेवटचा तास संपताना एक गोष्ट वाचावी आणि तिच्यावर एकही प्रश्न परीक्षेसाठी काढू नये. बदली होऊन जाणाऱ्या मित्राला पेन-पेन्सिलीऐवजी एक पुस्तक द्यावे, आणि पहिल्या पानावर सगळ्यांनी आपापल्या भाषेत नावे लिहावीत. गाडीत बसल्यावर ते मूल पहिल्यांदा तेच पान उघडील.